माजी ॲलॉटींच्या गोष्टी

भुताची गोष्ट सांगायची योग्य वेळ म्हणजे रविवारी सकाळी अकरा, असं आमच्या काकांचं ठाम मत होतं. भुतं रात्री निघतात ही गावाकडची समजूत, ते म्हणायचे. दिल्लीतली भुतं सरकारी, त्यांची वेळ दहा ते पाच. रविवारी ती सुट्टीवर असतात, म्हणून त्यांच्या माघारी त्यांच्याबद्दल निवांत बोलता येतं. लक्ष्मीबाई नगरात आमच्या ब्लॉकच्या मागे थोडी हिरवळ होती. तिथं लख्ख उन्हात, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांशेजारी आम्ही दहाबारा मुलं मांडी घालून बसायचो. घाबरायची सोयच नव्हती.

कॉलनीत काका पुष्कळ होते. स्कूटरवाले काका, तळमजल्यावरचे काका, आयकरवाले काका. यांना मात्र नुसतं काका म्हणायचे. कुठल्याशा मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते आणि ते ऑफिसातून घरी आले तरी ऑफिस त्यांच्यातून बाहेर पडायचं नाही. स्वेटर ते नवरात्र बसलं की घालायचे आणि होळी झाली की काढायचे, मग मधे घाम फुटो की दात वाजोत. गोष्टी ते नाडीच्या फायलीत ठेवायचे. गोष्ट सांगून झाली की फाइल फिरायची आणि प्रत्येक मुलानं कागदाच्या खाली ‘ऐकलं’ असं लिहून सही करायची. कुणाची हरकत असेल तर ती डाव्या समासात. ‘भुतानं जास्त हसवायला पाहिजे होतं’ असं मी एकदा समासात लिहिलं, तर पुढच्या रविवारी त्याखाली लाल शाईत उत्तर होतं, ‘नोंद घेतली. भुतास समज दिली आहे.’ आठव्या वर्षी मला स्वतःची आखूड सही होती, ती या माणसामुळे. आजही बँकेत मी तीच करते.

गोष्टी सगळ्या जुन्या घरांतल्या. साहेबाच्या काळातले बंगले, चांदनी चौकातल्या पडक्या हवेल्या आणि आमचे सरकारी क्वार्टर. आणि प्रत्येक गोष्टीतलं भूत हे ‘माजी ॲलॉटी’ असायचं. ज्यांचं आयुष्य स्वतःच्या मालकीच्या घरात गेलं त्यांना यातली मजा कळायची नाही. सरकारी कॉलनीत कुणाचंच घर स्वतःचं नसतं. ते कुणाच्या तरी नावे ॲलॉट होतं, तो ॲलॉटी. त्याच्या आधी जो राहून गेला तो माजी ॲलॉटी. त्याची पत्रं वर्षानुवर्षं आपल्याकडे येत राहतात, त्याच्या मुलांची उंची स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीनं लिहिलेली सापडते. काकांनी यात एवढीच भर घातली होती, की बदलीचा हुकूम आला तरी जो घर सोडत नाही तो माणूस, आणि मेला तरी जो सोडत नाही तो भूत.

त्यांची भुतं फार सोसलेली होती. एक उपसचिवाचं भूत होतं. त्याला भिंतीतून आरपार जाता येत असूनही जाता यायचं नाही, कारण भिंत बांधकाम खात्याची होती आणि परवानगीची फाइल अडकली होती. एक मुंजा होता, त्याला पिंपळ मिळत नव्हता, कारण पिंपळ फक्त टाइप फोर आणि वरच्या दर्जाच्या क्वार्टरवाल्यांना. टाइप टूला बोरीवरच भागवावं लागायचं. एक हडळ अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होती. आम्ही दिल्लीत वाढलेली मुलं. मधेच कुणीतरी विचारायचं, “काका, हडळ मतलब?” काका गोष्ट थांबवून म्हणायचे, “चेटकिणीच्याच कामाची, पण पर्मनंट न झालेली. चलो, पुढे.” माझा बराच काळ असा समज होता, की पर्मनंट झाल्याशिवाय माणसाला नीट मरतासुद्धा येत नाही.

आता काकू. काकांच्या शब्दांत सांगायचं तर, “या ॲलॉटी. मी यांच्यासोबत राहतो.” दोघंही नोकरीत, आणि नवराबायको दोघं सरकारी असले तरी क्वार्टर एकच मिळतं. काकू आधी नोकरीला लागल्या होत्या, म्हणून घर त्यांच्या नावे. काकू स्टेनो होत्या, आणि कॉलनीतल्या अवर सचिवांपेक्षा त्यांचा दरारा जास्त होता. काकांच्या गोष्टी त्याच टाइप करायच्या, आणि त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. पेन्सिल घेऊन बसायच्या आणि चुका काढायच्या.

“अहो, हे भूत दुसऱ्या पानावर मेलंय आणि चौथ्या पानावर रजेवर गेलंय. मेलेल्याला रजा कुठली?”

“अर्जित रजा शिल्लक होती त्याची.”

“मग ती मरायच्या आधी घ्यायची. बदला.”

काका निमूटपणे बदलायचे. बाहेर कितीही टिवल्याबावल्या करोत, घरात काकूंचा शब्द शेवटचा असायचा आणि काकांना ते मनापासून आवडायचं.

एकदा काकांनी एक गोष्ट अर्जाच्या स्वरूपात लिहिली. अर्ज करणारं भूत साहेबाच्या काळातलं, म्हणून अर्ज इंग्रजीत. विषय, मृत्यूनंतरही क्वार्टर ताब्यात ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत. पहिल्याच परिच्छेदात भुतानं नम्रपणे कळवलं होतं, की आपण अमुक वर्षी आंघोळ करताना वारलो. काकूंनी तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर टाइप केला, आणि साहेबांनी हाक मारली म्हणून कागद टेबलावरच राहिला. कुणीतरी तो टपालाबरोबर उचलला. त्यावर डायरी नंबर पडला आणि अर्ज चालू लागला. कुठल्या कुठल्या टेबलांवरून तो गेला ते मी सांगत नाही. त्यातले काही लोक पुढे फार मोठे झाले. ‘तपासून पाहावे’, ‘चर्चा करावी’, ‘नियमांच्या प्रकाशात सादर करावे’ असे शेरे गोळा करत तो तीनेक महिन्यांनी उत्तरासकट परत आला. अर्जदाराची विनंती मान्य करता येत नव्हती. फेरविचार हवा असल्यास अर्जदारानं आपल्या मृत्यूचा दाखला स्वतः साक्षांकित करून जोडावा, असं सुचवलं होतं.

काकूंची नोकरी जायची वेळ आली होती. त्या आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत. काका मात्र ते उत्तर खिशात घेऊन हिंडत होते. “एवढ्या लोकांनी वाचलं,” ते माझ्या बाबांना सांगायचे, “आणि एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. याला म्हणतात वास्तववाद.” बाबा हसून हसून खोकायला लागायचे. आई आतून म्हणायची, “भावजी, बस करा. त्या बिचारीची झोप उडालीये.”

काकू त्याच वर्षी हिवाळ्यात गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी गेल्याच. कॉलनीत सगळ्या घरांनी आळीपाळीनं काकांना डबा दिला. महिना-दीड महिना रविवार मुके गेले. मग एका रविवारी काका नाडीची फाइल घेऊन खाली आले. आम्ही धावलो. उन्हात मांडी घालून बसलो. त्यांनी फाइल सोडली, पण सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना. तेव्हा मी मदत करायला म्हणून बोलले. अकरा वर्षांची होते.

“काका, आज काकूंची गोष्ट सांगा ना. त्या आता माजी ॲलॉटी झाल्या ना?”

मुलांच्या दृष्टीनं यात वाईट काहीच नव्हतं. आमच्या जगात जो मरायचा तो गोष्टीत यायचा आणि मजेत राहायचा. दोघातिघांनी “हो काका, हो काका” असा धोशाही लावला. गॅलरीत उभी असलेली माझी आई मात्र जागच्या जागी थिजली. काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यात राग नव्हता. मग त्यांनी फाइल बंद केली, नाडी बांधली आणि म्हणाले, “आज कोरम नाही.” ते वर गेले. त्यानंतर त्या हिरवळीवर गोष्ट झाली नाही. आईनं मला मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

ॲलॉटी वारला तर घरच्यांना काही काळ तिथं राहता येतं, मग घर सोडावं लागतं. पण काका स्वतः नोकरीत होते. त्यांनी एक फॉर्म भरला असता तर क्वार्टर त्यांच्या नावे झालं असतं आणि निवृत्त होईपर्यंत कुणी हलवलं नसतं. ही गोष्ट कॉलनीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होती. बाबांनी फॉर्म आणून दिला. काकांनी तो सुवाच्य अक्षरात भरला. नाव, हुद्दा, पगाराची श्रेणी, सगळं. फक्त एक रकाना कोरा राहिला. ‘माजी ॲलॉटीचे नाव.’

“अरे यार, एक नाव तर लिहायचंय,” बाबा म्हणाले. “मी लिहितो, तुम्ही नुसती सही करा.”

“बघू.”

“बघू काय? मुदत संपतेय. घर जाईल हातचं.”

“बिल्कुल बरोबर आहे तुमचं,” काका म्हणाले आणि फॉर्म उशीखाली ठेवला.

महिने गेले. आयकरवाले काका समजावून गेले, युनियनचे लोक समजावून गेले. उभ्या जन्मात फॉर्म न चुकलेला माणूस हा, एका रकान्यापाशी अडून बसला होता. कॉलनीनं निदान केलं की बायको गेल्यानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला वाटायचं, मला कारण माहीत आहे. तो शब्द त्यांनी जन्मभर भुतांसाठी वापरला होता आणि काकूंना तो पहिल्यांदा मी लावला होता. हे मी कुणालाच सांगितलं नाही. मुदत संपली. एक दिवस बांधकाम खात्याची माणसं येऊन पंखे, नळ, कड्या तपासून गेली, आणि काका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी फाइल मांडीवर घेऊन बसले आणि यमुनेपलीकडे गेले.

तेव्हा सगळीच दिल्ली यमुनेपलीकडे निघाली होती. देशाची दारं उघडली म्हणत होते, आणि उघडल्या दारातून पहिल्यांदा आली ती माहितीपत्रकं. नोएडाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर एक तळं, दोन हंस आणि गोऱ्या मुलीला खांद्यावर घेतलेला गोरा बाप असायचा. प्रत्यक्षात सिमेंट कालवायचं पिंप आणि त्यात पाय धुणारा चौकीदार. काकांनी अशाच एका नव्याकोऱ्या इमारतीत फ्लॅट घेतला. तिच्या नावात दोन बागा होत्या आणि आवारात तीन झाडं. भिंतींना ओला रंग, लिफ्टला अजून प्लॅस्टिक. बाबा भेटायला गेले तेव्हा काका म्हणाले, “घर चांगलंय, पण इथं अजून कुणी मेलेलंच नाही. आधी इथं कोण राहत होतं, विचारलं, तर बिल्डर म्हणतो, गहू.”

मी कॉलेज संपवून नोएडातच एका ऑफिसात नोकरीला लागले आणि पहिल्या पगाराचे पेढे घेऊन काकांकडे गेले. रविवार होता. वर जायची गरजच पडली नाही. आवारातल्या तीन झाडांपैकी एकाखाली ते बसले होते, अंगात स्वेटर, मांडीवर फाइल आणि समोर पंधरावीस पोरं. गोष्ट हिंदीत चालली होती. मी मागे उभी राहिले.

गोष्ट एका आंटीच्या भुताची होती. ही आंटी सरकारी दफ़्तरात टायपिस्ट होती. आता ती आपल्या मिस्टरांचं घर शोधत नोएडात आली होती. पण नोएडात घर शोधणं जिवंत माणसाला जमत नाही तिथं भुताची काय कथा. बारा नंबरच्या सेक्टरपुढं तेरा येईल या भरवशावर आंटी चालत राहिली आणि समोर बावीस आला. तिनं पेन्सिल काढली आणि सेक्टरच्या बोर्डावर दुरुस्ती केली. चौकीदार आला, तिनं त्याचीही चूक काढली. पोरं गडाबडा लोळत होती. माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा चुरगळून गेला होता.

“अंकल, आज पहुँचीं क्या?” शेवटी एकानं विचारलं.

“नहीं बेटा. ऑटोवाला घुमा रहा है. अगले संडे देखते हैं.”

हे म्हणे आठ महिने चाललं होतं. याचं एक कारण मला पोरांनीच सांगितलं. सुरुवातीला काकांनी याच इमारतीतल्या भुताची गोष्ट सांगितली, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं परिपत्रक काढलं होतं, की आवारात भुतांचा उल्लेख केल्यास फ्लॅटचे भाव पडतात, सबब भुतांना मनाई आहे. सेक्रेटरी परदेशी कंपनीत होता आणि त्याचा भुतांवर विश्वास नव्हता, भावांवर होता. काकांनी परिपत्रकाखाली ‘वाचलं’ लिहून सही केली आणि भुताला सोसायटीच्या हद्दीबाहेर ठेवलं.

वर गेल्यावर काकांनी चहा केला. मी म्हटलं, “काका, आता पोचू द्या की त्यांना. त्या सेक्रेटरीला भिता होय?”

“तो काय भिववणार मला. उद्या नोटिशीला नोटीस देईन.” त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. “तिला इथला पत्ता माहीत नाही गं. तिच्यापाशी एकच पत्ता होता, तो मी सोडला. एक रकाना भरायचा होता. मला वाटलं, तिथं नाव लिहिलं की ही गेली. न लिहून तरी कुठं राहिली? लिहिलं असतं तर घर तरी राहिलं असतं. आली असती कधी, तर मी दार उघडलं असतं. आता तिथं दुसरेच लोक आहेत. ती बेल वाजवत असेल आणि दार उघडतंय कुणीतरी कानपूरचं.”

हे सगळं ते गोष्टीच्याच आवाजात बोलले, म्हणून ते मला जास्त लागलं. मी रडायला लागले आणि रडता रडता इतक्या वर्षांचं सांगून टाकलं. “माझ्यामुळे झालं काका. मीच तसं विचारलं होतं.”

“तू बरोबरच विचारलं होतंस,” ते म्हणाले. “मलाच गोष्ट येत नव्हती. पेढा खा.”

पुढच्या रविवारी मी परत गेले, श्रोत्यांत बसायला. आंटी त्या दिवशी सत्तावीस नंबरात एका प्रॉपर्टी डीलरच्या तावडीत सापडली होती आणि तो तिला स्मशानाकडे तोंड करून असलेला फ्लॅट ‘पीसफुल व्ह्यू’ म्हणून विकत होता. गोष्ट संपली. नेहमीचा प्रश्न आला, नेहमीचं उत्तर झालं. तेव्हा पुढच्या रांगेतली चष्मा लावलेली एक मुलगी वैतागली.

“अंकल, आप भी ना! आंटी को पढ़ना तो आता है. दरवाज़े के बाहर उनका नाम लिखवा दो. वो ढूँढ लेंगी.”

“मेरा नाम नहीं?”

“आपको तो पता है ना आप कहाँ रहते हो.”

बाकीच्या पोरांना हे इतकं पटलं, की ती हसलीसुद्धा नाहीत. काका त्या मुलीकडे तसंच बराच वेळ पाहत राहिले, जसं कधीतरी माझ्याकडे पाहिलं होतं. पण या वेळी ते उठून गेले नाहीत. त्यांनी पेन उघडून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “यहाँ लिखो, समास में. पूरा सुझाव लिखो.” तिला समास म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

मधे दोन रविवार ऑफिसच्या कामात गेले. तिसऱ्या रविवारी मी जरा लवकरच गेले आणि थेट वर गेले. काकांच्या दारावर पितळी पाटी होती. तिच्यावर काकूंचं पूर्ण नाव, खाली ‘वरिष्ठ स्टेनोग्राफर’. बाकी काही नाही. मी ती दोनतीनदा वाचली, मग बेल दाबली. काकांनी दार उघडलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

“पोचल्या?” मी विचारलं.

“गुरुवारी.”

“काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार. आत यायच्या आधी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, अहो, पाटी वाकडी ठोकलीत.”

मी पुन्हा पाटीकडे पाहिलं. पाटी खरंच वाकडी होती.